ब्राउझर, जाहिरात-रोधक आणि आपली कोकणातली पोर्टलं: काय अडवायचं, काय सोडायचं?

कातळसडा (रत्नागिरी)

क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं जाहिरात-रोधक एक्स्टेन्शन, बंद पडल्यापासून "आता काय वापरायचं?" हा प्रश्न इथल्या पाच-सहा धाग्यांत विखुरला आहे. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा काढतोय. कृपया नेमकं लिहा: कोणता ब्राउझर, कोणती सेटिंग, कुठे अडतं, का अडतं.

माझं मत आधीच मांडतो. जाहिरात दिसायला माझी हरकत नाही. ती दाखवायची म्हणून माझ्यामागे माणूस लावायला आहे. त्यामुळे रोधक सरसकट चालू ठेवावा आणि जी बातम्यांची पोर्टलं आपण रोज वाचतो त्यांना हाताने मोकळीक द्यावी. पण त्या पोर्टलांनीही आपली बाजू सांभाळायला हवी, त्यावरही बोलू.

क्रोममध्ये काय झालं ते थोडक्यात. एक्स्टेन्शनांच्या जुन्या चौकटीत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही२ मध्ये, पानाकडून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती रोधक मध्येच थांबवून तपासू शकत असे. व्ही३ मध्ये रोधकाने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हातात द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. एका एक्स्टेन्शनला ३०,००० स्थिर नियमांची हमी, त्यापुढचे सगळ्या एक्स्टेन्शनांच्या सामायिक साठ्यातून. गुगलने जून २०२४ पासून व्ही२ टप्प्याटप्प्याने बंद करत आणलं आणि २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून ते कुठल्याच आडवाटेने चालत नाही. सेटिंगमध्ये शोधत बसू नका, बटण उरलेलं नाही.

खाडीपलीकडे (दाभोळ)

चांगला धागा. संगणकापासून सुरुवात करतो.

फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. मोझिलाने व्ही३ स्वीकारताना विनंती थांबवण्याची जुनी सोय काढली नाही. एक्स्टेन्शन घेताना विकसकाचं नाव रेमंड हिल आहे ना, ते बघा. नुसतं "यूब्लॉक" नावाचं एक्स्टेन्शन वेगळ्या मालकीचं आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

बसवल्यावर तीन गोष्टी करा. एक, डॅशबोर्ड उघडून "फिल्टर याद्या" मध्ये जा, प्रदेशांच्या गटात इंडियनलिस्टवर खूण करा आणि "बदल लागू करा" दाबा. भारतीय भाषांतल्या साइटींवरच्या जाहिराती नुसत्या ईझीलिस्ट या सर्वसाधारण यादीत पूर्ण पकडल्या जात नाहीत. दोन, त्रासदायक गोष्टींच्या गटातल्या कुकी-सूचनांच्या याद्या लावा. तीन, दुसरा कोणताही जाहिरात-रोधक असेल तर काढून टाका. दोन रोधक एकत्र ठेवले की संरक्षण दुप्पट होत नाही. एकाने शांतपणे बदललेली स्क्रिप्ट दुसरा थेट अडवतो, मग "रोधक बंद करा" अशी पाटी समोर येते आणि चूक कोणाची ते कळतही नाही.

फायरफॉक्सचं स्वतःचं कुकी-संरक्षण २०२२ पासून सगळ्यांना आपोआप चालू आहे. त्यात प्रत्येक साइटची कुकी, म्हणजे तिने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी, वेगळ्या बरणीत राहते, त्यामुळे एका साइटवरची कुकी दुसरीकडे ओळखपत्र म्हणून वापरता येत नाही. "कडक" पातळी लावली तर काही बँकांची आणि तिकिटांची पानं अर्धवट उघडतात. तसं झालं तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर टिचकी मारून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करा, पातळी उतरवू नका.

क्रोम सोडताच येत नसेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. त्यात साधी, इष्टतम आणि संपूर्ण अशा तीन पातळ्या आहेत. साध्या पातळीत फक्त विनंत्या अडतात, जाहिरातीची रिकामी चौकट पानावर तशीच राहते. वरच्या दोन पातळ्यांना पान वाचायची आणि बदलायची परवानगी लागते. मर्यादा एकच पण मोठी: नियमांच्या याद्या एक्स्टेन्शनच्या अद्यतनाबरोबरच ताज्या होतात. एखाद्या साइटने आज युक्ती बदलली तर मूळ यूब्लॉकला काही तासांत उतारा मिळतो, लाइटला वाट बघावी लागते.

अँड्रॉइडवर क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. फायरफॉक्स घेतो. तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, यूब्लॉक ओरिजिन, अधिकचं चिन्ह, परवानगी, झालं. डिसेंबर २०२३ पासून मोझिलाने अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनांचं दार सगळ्यांना खुलं केलंय.

मालवणी_मुलूख

माका एकच इचारूचा आसा. फोन जुनो, रॅम दोनच जीबी. त्येच्यार फायरफॉक्स आनि यूब्लॉक चलात काय? आनि आयफोनवाल्यांनी काय करूचा?

खाडीपलीकडे

@मालवणी_मुलूख, चालेल, पण दोन-तीन टॅब उघडले की मागचे पुन्हा लोड व्हायला लागतील. दोन जीबीवर ब्रेव्ह बरा. रोधक ब्राउझरच्या पोटातच असल्यामुळे वेगळं एक्स्टेन्शन सांभाळावं लागत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर नव्या टॅबवरची प्रायोजित चित्रं सेटिंगमधून बंद कर आणि जाहिराती बघण्याबद्दल मोबदला देणाऱ्या रिवॉर्ड्सला हात लावू नकोस. एखादी साइट बिघडली तर सिंहाच्या चिन्हावर जाऊन तेवढ्यापुरत्या शील्ड्स, म्हणजे त्याचा रोधक, खाली घे. ब्रेव्हही क्रोमच्याच इंजिनावर आहे, पण त्याचा रोधक एक्स्टेन्शन नसल्यामुळे व्ही३ चा त्याला फरक पडत नाही.

आयफोनवर फायरफॉक्स घेऊन उपयोग नाही. तिथे त्याला सफारीचंच इंजिन वापरावं लागतं आणि एक्स्टेन्शन घेता येत नाहीत. सफारीच ठेव आणि अ‍ॅप स्टोअरमधून यूब्लॉक ओरिजिन लाइट घे, २०२५ पासून तिथे आहे. नुसतं अ‍ॅप उतरवून भागत नाही. सेटिंग्जमध्ये सफारीच्या एक्स्टेन्शनांत जाऊन ते चालू करावं लागतं, आणि बहुतेकांचं अडतं ते तिथेच.

उधाण (गुहागर)

एक मोठी गळती कोणी लिहिलेली नाही. आपल्याकडे दुवे येतात ते व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून. व्हॉट्सअ‍ॅपमधला दुवा तुमच्या डिफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडतो, म्हणून डिफॉल्ट बदलणं महत्त्वाचं: फोनची सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, ब्राउझर अ‍ॅप. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मात्र दुवा स्वतःच्या आतल्या खिडकीत उघडतात. तिथे तुमचा फायरफॉक्स नाही, यूब्लॉक नाही, काहीच नाही. वरच्या तीन टिंबांतून "बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा" निवडा. ही सवय लागली नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

दुसरं, अ‍ॅपमधल्या जाहिराती. ब्राउझरमधला रोधक तिथे पोचत नाही. त्यासाठी अँड्रॉइड ९ पासून असलेलं प्रायव्हेट डीएनएस वापरा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रायव्हेट डीएनएस, आणि शेवटच्या पर्यायात सेवेचं नाव. जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडगार्डचं नाव असं: डीएनएस, टिंब, अ‍ॅडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. सगळं इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता, पुढे एचटीटीपीएस न लावता. एक अक्षर चुकलं की सगळं इंटरनेट बंद पडतं आणि माणूस सिमकार्डच्या कंपनीला फोन करतो.

हे कुठे अडतं: रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलच्या वायफायला आधी लॉग-इनचं पान दाखवायचं असतं. प्रायव्हेट डीएनएस सांकेतिक जोडणीने ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतं, आणि लॉग-इन होईपर्यंत ते वायफाय ती जोडणी होऊच देत नाही. अशा वेळी प्रायव्हेट डीएनएस "स्वयंचलित" करा, लॉग-इन करा, मग परत लावा.

आणि हे काय करू शकत नाही तेही ऐका. डीएनएस फक्त डोमेनचं नाव बघतं. यूट्यूबची जाहिरात आणि यूट्यूबचा व्हिडिओ एकाच घरातून येतात, त्यामुळे तिथे याचा उपयोग शून्य. शिवाय तुम्ही कुठल्या कुठल्या साइटींवर जाता ही माहिती आता सिमकार्डच्या कंपनीऐवजी डीएनएसवाल्याकडे जाते. विश्वास कोणावर टाकायचा हे समजून उमजून ठरवा.

जाता जाता: अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गुगल, जाहिराती इथे जाऊन "जाहिरात आयडी हटवा" कराच. एका मिनिटाचं काम, तोटा काही नाही.

वशिष्ठीकाठ (चिपळूण)

दुसरी बाजू मांडतो, कारण इथे सगळे वाचक आहेत आणि पोर्टलवाल्यांच्या वतीने कोणी बोलत नाहीये.

परशुराम घाटात दरड आली, कशेडीत वाहतूक एकेरी झाली, वाशिष्ठीचं पाणी बाजारपुलाजवळ चढलं, ही बातमी सगळ्यात आधी कोण देतं? मुंबईचं वर्तमानपत्र नाही. तालुक्याचं पोर्टल देतं, दोन-तीन माणसं मिळून चालवतात ते. २२ जुलै २०२१ च्या पुरात अशा बातमीची किंमत काय असते ते चिपळूणने पाहिलंय. या पोर्टलांचं उत्पन्न मुख्यत्वे साइटवर जाहिराती लावून देणाऱ्या गुगलच्या अ‍ॅडसेन्सवर आहे. जाहिरातदाराच्या पैशातून साधारण ६८ टक्के साइटमालकाला मिळतात, आणि खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मराठी पानांना इंग्रजीपेक्षा दर कमी. निम्म्या वाचकांनी रोधक लावला तर ते १०० डॉलर साठायला दुप्पट वेळ लागतो. "पाळत नको" हे मान्य. पण पगार कुठून द्यायचा ते सांगा.

कातळसडा

@वशिष्ठीकाठ, रास्त प्रश्न. म्हणूनच "हाताने मोकळीक" म्हटलं. यूब्लॉकमध्ये ते असं होतं: पोर्टल उघडा, यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी, मोठं निळं पॉवर-बटण दाबा, पान पुन्हा लोड करा. ती साइट विश्वासू यादीत जाते आणि तशीच राहते. कंट्रोल धरून दाबलं तर फक्त तेवढं पान मोकळं होतं.

पण या मोकळिकीचा अर्थ काय ते कळलं पाहिजे. पानावर जाहिरातीची जागा भरण्याआधी सेकंदाच्या एका अंशात लिलाव होतो. तुमचा आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, ढोबळ ठिकाण, कोणतं पान वाचताय आणि आधीची ओळखखूण, एवढं सगळं बोली लावणाऱ्यांकडे जातं. बोली एकच जिंकतो, माहिती मात्र हरलेल्या सगळ्यांच्या हातात पडलेली असते. घाटातल्या दरडीची बातमी वाचायची तर एवढं द्यावं लागावं का, हा माझा प्रश्न आहे.

मधला रस्ता आहे, थोडा किचकट. यूब्लॉकच्या सेटिंगमध्ये "मी प्रगत वापरकर्ता आहे" वर खूण करा. मग चिन्हावर टिचकी मारली की त्या पानाने बोलावलेल्या डोमेनांची यादी दिसते, दोन रकान्यांसह. डावा रकाना सगळ्या साइटींसाठी, उजवा फक्त या साइटसाठी. जाहिरात देणाऱ्या एका डोमेनला उजव्या रकान्यात हिरवं करा आणि कुलूप दाबा, नाहीतर ब्राउझर बंद केला की नियम जातो. बाकी मागोवा घेणारे अडलेलेच राहतात. एवढं करूनही जाहिरात दिसली नाही तर डोळ्याच्या चिन्हावरून त्या साइटची चौकट-लपवणी बंद करा. हिरवं करण्याऐवजी राखाडी करू नका. राखाडीने फक्त तुम्ही स्वतः घातलेली बंदी उठते, ईझीलिस्टचा नियम तसाच चालू राहतो, आणि "केलं पण काही झालं नाही" असं वाटतं.

वशिष्ठीकाठ

हे शंभरातला एक वाचक करेल.

कातळसडा

करेल तो एक. उरलेल्या नव्व्याण्णवांसाठी पोर्टलने बदलायला हवं. जुलैत नेट टू-जीच्या चालीने सरकत असताना पानात आधी आठ जाहिरातींच्या स्क्रिप्ट आणि मग बातमी, हे वाचकावर अन्यायकारक आहे. रोधक लावणारे सगळे गोपनीयतेसाठी लावत नाहीत. पुष्कळजण पान उघडावं एवढ्याचसाठी लावतात.

माडबन

याला आकड्यांची जोड देतो. क्रोम स्वतःच २०२० पासून जड जाहिरात काढून टाकतो. एका जाहिरातीने ४ एमबी डेटा ओढला, किंवा ३० सेकंदांच्या कोणत्याही टप्प्यात १५ सेकंद प्रोसेसर खाल्ला, किंवा एकूण ६० सेकंद खाल्ला, की ती चौकट रिकामी होते. आणि १५ फेब्रुवारी २०१८ पासून, जाहिरात-उद्योगाच्या गटाने ठरवलेले बेटर अ‍ॅड्सचे निकष सतत मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम बंद करतो. मोबाईलसाठी त्यातला एक निकष असा की जाहिरातींची मिळून उंची मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांवर जाता कामा नये. चार परिच्छेदांची बातमी आणि मध्ये पाच चौकटी, हे या मापात बसतच नाही.

अ‍ॅडसेन्सच्या स्वयंचलित जाहिराती चालू असतील तर आत जाऊन पूर्ण पडदा झाकणारा प्रकार बंद करा आणि जाहिरातींच्या प्रमाणाची सरकपट्टी खाली आणा. उत्पन्न थोडं घटेल, वाचक टिकेल. शिवाय कोडात एक ओळ घालून "वैयक्तिक न केलेल्या" जाहिराती मागता येतात. त्या पानाच्या विषयावरून आणि ढोबळ ठिकाणावरून ठरतात, वाचकाच्या इतिहासावरून नाही.

पेटीवाला_देवगड

जाहिरात देणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. हापूसच्या हंगामात, मार्च ते मे, सगळे बागायतदार आणि दलाल गुगलवर जाहिरात लावतात आणि त्यातले निम्मे पैसे वाया जातात. कारण पाळत कमी पडते हे नाही. सेटिंग बघितलेली नसते.

सर्च मोहीम (शोधाच्या निकालात दिसणारी जाहिरात) करताना डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइटींवरही ती दाखवण्याची, खूण आधीपासून लावलेली असते, ती काढा. नाहीतर तुमची पेटी गेमच्या अ‍ॅपमध्ये दिसते आणि लहान मूल चुकून दाबतं. ठिकाणाच्या पर्यायांत "तिथे असलेले किंवा रस असलेले" असं मुळात असतं. मुंबई-पुण्यात घरपोच देणार असाल तर फक्त "तिथे असलेले" ठेवा. वगळायच्या शब्दांत रोप, कलम, रेसिपी, बाजारभाव, फवारणी हे टाकाच. "हापूस कलम" शोधणारा माणूस पेटी घेत नाही. मोहिमेला शेवटची तारीख द्या. जूनमध्ये माल संपल्यावरही जाहिरात चालू राहणं फार ठिकाणी दिसतं.

यातल्या कशालाही गिऱ्हाइकाच्या मागे फिरणारा पिक्सेल (पानात लपवलेला मागोव्याचा कोड) लागत नाही. "हापूस पेटी पुणे" असं ज्याने स्वतः लिहिलं, त्याला काय हवंय ते त्याने सांगितलेलंच आहे. होमस्टेवाल्यांनाही हेच लागू. तारकर्लीची खोली हवी असणारा तारकर्ली हाच शब्द टाकतो.

आणि जाहिरातीचा उपयोग झाला की नाही ते मोजायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा थेट गप्पांचा दुवा वापरा. त्यात मजकूर आधीच लिहून ठेवता येतो. प्रत्येक ठिकाणच्या जाहिरातीत वेगळा मजकूर ठेवा: "चिपळूणच्या पोर्टलवर पाहिलं, दोन पेट्या हव्यात." संदेश आला की कुठून आला ते कळलं. गिऱ्हाइकाने तो स्वतः पाठवलेला असतो, चोरून काही घेतलेलं नसतं.

वशिष्ठीकाठ

@पेटीवाला_देवगड, ही व्हॉट्सअ‍ॅपची युक्ती कामाची आहे. म्हणजे पोर्टलने हापूसवाल्याला, होमस्टेला, फेरीबोटवाल्याला थेट जागा विकायची, मध्ये लिलाव नाही. मोजणी जाहिरातदारालाच दिसते, त्यामुळे "किती लोकांनी पाहिलं" यावर वाद नाही.

पण तांत्रिक अडचण आहे. थेट लावलेलं चित्रही रोधक खातो. का?

माडबन

कारण ईझीलिस्टमध्ये फक्त डोमेनांचे नियम नाहीत, नावांच्या ठेवणीचेही आहेत. फोल्डरचं नाव "अ‍ॅड्स", फाइलच्या नावात जाहिरातीचं ठरावीक माप, किंवा चौकटीच्या क्लासला "अ‍ॅड-बॅनर", यातलं काहीही असलं तरी ते पकडलं जातं, चित्र तुमच्याच सर्व्हरवरचं असलं तरी. वर्डप्रेसची जाहिरात-व्यवस्थापक प्लगइन्स नेमकी अशीच नावं तयार करतात. ते प्लगइन काढा आणि साधा चित्राचा ब्लॉक वापरा.

बाकी माप असं ठेवा. ३०० बाय २५० चं चित्र, वेबपी स्वरूपात, ६० केबीच्या आत. रुंदी-उंची कोडात लिहा, म्हणजे चित्र उशिरा आलं तरी मजकूर उडी मारत नाही आणि बोट चुकून जाहिरातीवर पडत नाही. पहिल्या तीन परिच्छेदांच्या खाली ठेवा आणि लेझी-लोड (वाचक जवळ आल्यावरच चित्र उतरवणं) लावा. दुव्याच्या कोडातल्या "रेल" या गुणधर्मात "स्पॉन्सर्ड" लिहा, पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी गुगल ते मागतं. आणि वर ठळक "जाहिरात" असं लिहा.

उधाण

इथे मी असहमत आहे. नावं बदलून रोधक चुकवायचा म्हणजे वाचकाने लावलेली कडी बाहेरून काढण्यासारखं झालं. वाचकाने "नको" म्हटलंय.

माडबन

@उधाण, वाचकाने नेमकं कशाला नको म्हटलंय? ईझीलिस्ट लावणाऱ्याने जाहिरातींना म्हटलंय, हे खरं. पण त्याच पानावर "फेरीबोट सकाळी साडेसहाला" अशी सूचना चित्र म्हणून लावली आणि फोल्डरचं नाव "अ‍ॅड्स" असलं तर तीही जाते. नावावरून ओळखणं ही अंदाजाची पद्धत आहे. स्क्रिप्ट नाही, कुकी नाही, तिसरा पक्ष नाही, असं वर्तमानपत्रातल्या चौकटीसारखं चित्र लावणं मला कडी काढण्यासारखं वाटत नाही. ज्याला तेही नको तो यूब्लॉकच्या पिपेटने, म्हणजे घटक निवडायच्या साधनाने, ते चित्र निवडून कायमचं लपवू शकतो. तो हक्क त्याच्याकडे राहतोच.

प्रशासक

दोन्ही मुद्दे येऊ द्यात, भाषा अशीच ठेवा. धागा मुखपृष्ठावर लावला आहे.

खाडीपलीकडे

होमस्टेवाल्यांचा विषय निघालाच आहे तर पूर्ण घराच्या रोधकाबद्दल लिहितो, पाय-होल: छोट्या संगणकावर चालणारा आणि जाहिरातींची डोमेनं अडवणारा घरचा डीएनएस. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू पुरतो: ५१२ एमबी रॅम, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अडॅप्टर, ८ जीबी किंवा मोठं कार्ड. त्याला तारेची जोडणी नाही आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणून शक्य असल्यास तारेच्या जोडणीचं मोठं पाय घ्या. राऊटरमध्ये त्याला कायमचा पत्ता राखून ठेवा आणि राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (प्रत्येक फोनला पत्ता वाटणारी सोय) डीएनएस म्हणून तोच द्या.

बिघडतं ते असं.

दुसऱ्या डीएनएसच्या जागी लोक "असू दे राखीव" म्हणून ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) भरतात. फोन दुसरा क्रमांक राखीव म्हणून ठेवत नाहीत, दोन्ही वापरतात. अर्ध्या जाहिराती परत येतात. ती जागा रिकामी ठेवा. राऊटर आयपीव्ही६ वर (पत्त्यांची नवी पद्धत) स्वतःचा डीएनएस वेगळा वाटत असेल तरीही तेच होतं, तोही बघा. काही कंपन्यांनी दिलेल्या राऊटरमध्ये डीएनएस बदलताच येत नाही. तिथे राऊटरचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा चालू करा.

आपल्याकडची खास अडचण वीज. राऊटर इन्व्हर्टरवर आणि पाय साध्या प्लगवर असेल तर लाइट गेली की वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि एकही पान उघडत नाही. दोन्ही एकाच बॅकअपवर ठेवा. वारंवार वीज तुटली की कार्ड बिघडतं. चालू अवस्थेतल्या कार्डाची एक प्रत दुसऱ्या कार्डावर काढून ठेवा, पावसाळ्यात लागतेच. किनाऱ्यापासून जवळ असाल तर बंद डबी वापरा, खिडकीपासून लांब ठेवा. खाऱ्या हवेने यूएसबीच्या जोडण्या हिरव्या पडतात.

आणि हे महत्त्वाचं: पाहुणे तुमच्या वायफायवर काय उघडतात ते पाय-होलच्या नोंदीत दिसतं. जाहिरातवाल्यांची पाळत काढून आपली बसवायची नाही. सेटिंगमध्ये गोपनीयतेची पातळी "अनामिक" करा, मग कोणी काय उघडलं ते नोंदलं जात नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर राऊटरच्या डीएनएसमध्ये अ‍ॅडगार्डचे दोन पत्ते घाला, ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. भरताना आकडे इंग्रजी.

मालवणी_मुलूख

फोनार सारखे "तुमच्या फोनात वायरस आसा" असे संदेश येतत. रोधक लावलो तरी येतत. ह्यां कसां बंद करूचां?

उधाण

@मालवणी_मुलूख, ती जाहिरात पानावरची नाही, म्हणून रोधकाला सापडत नाही. कधीतरी एखाद्या साइटने "सूचना पाठवू का?" विचारलं आणि "परवानगी द्या" दाबलं गेलं, तिथून ते येतं. संदेश आला की तो दाबून धर, खाली साइटचं नाव आणि सेटिंग दिसते, तिथे बंद कर. एकदाच सगळं साफ करायचं तर क्रोम, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना. परवानगी असलेल्यांच्या यादीतली अनोळखी नावं काढ आणि वरचं बटणही बंद कर, म्हणजे पुन्हा कोणी विचारणारच नाही. फायरफॉक्समध्येही तीच परवानगी असते. संदेशात सांगितलेलं "क्लीनर" अ‍ॅप मात्र उतरवू नकोस.

त्याच जातीचा दुसरा धोका शोधाच्या निकालातल्या जाहिरातींचा. सुट्टीत होमस्टेचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर "प्रायोजित" म्हणून येणारा फोन नंबर त्याच होमस्टेचा असेलच असं नाही. जाहिरात कोणीही विकत घेऊ शकतो. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी, शोधताना जाहिरात-रोधक वापरा, असा जाहीर सल्ला दिला होता. आगाऊ पैसे भरण्याआधी नंबर नकाशावरच्या नोंदीशी आणि होमस्टेच्या स्वतःच्या पानाशी ताडून बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

माडबन

कायद्याचं थोडक्यात, कारण पोर्टल आणि होमस्टे दोघांनाही लागू होणार आहे. गोपनीयता मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती स्पष्ट कृतीतून हवी आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आणि कोकणीही. १८ वर्षांखालच्यांचा मागोवा घेऊन त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळांच्या निकालांची, स्पर्धांची पानं चालवणाऱ्यांनी हे कलम आत्ताच वाचावं.

वशिष्ठीकाठ

मग पोर्टलसाठी असं धरतो: बातमीच्या पानावर दोन थेट चौकटी, खाली अ‍ॅडसेन्सची एकच, तीही वैयक्तिक न केलेली. दरड, पूर आणि वादळ या वर्गातल्या पानांवर स्क्रिप्टच नको. वर्डप्रेसमध्ये ठरावीक वर्गाला अ‍ॅडसेन्स वगळता येतं का?

माडबन

येतं. अ‍ॅडसेन्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये डकवला असेल तर त्याभोवती वर्ग तपासणारी अट घाला: पान त्या वर्गात असेल तर कोड छापायचा नाही. थीमच्या मूळ फाइलीत लिहू नका, चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम) लिहा, नाहीतर पुढच्या अद्यतनात पुसलं जाईल. आणि पानांचा कॅशे (साठवलेल्या तयार प्रती) लगेच रिकामा करा. जुनी प्रत कॅशेत राहिली तर वाचकाला स्क्रिप्टवालंच पान मिळत राहतं.

उधाण

आणि त्या वर्गाच्या पानावर थेट चौकटीही ठेवू नका. फोल्डरच्या नावाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण पुराच्या पानाबद्दल तरी आपलं एकमत व्हावं.

वशिष्ठीकाठ

मान्य. पुराच्या पानावर फक्त मजकूर, पाण्याची पातळी आणि तहसील कार्यालयाचे नंबर.